नोटेवरचा शास्त्रज्ञ आणि ध्रुवावरचा प्रकाश

नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेने १९९४ साली दोनशे क्रोनरची एक नवी नोट चलनात आणली. चलनी नोटांवर सहसा राजे, राष्ट्रपुरुष किंवा साहित्यिक विराजमान झालेले दिसतात. या नोटेवर मात्र क्रिस्टियन बिर्कलँड या भौतिकशास्त्रज्ञाचे चित्र होते. त्याच्या शेजारी काचेची एक पेटी आणि तिच्यात टांगलेला एक गोल दाखवला होता. २०१७ मध्ये नोटांची नवी मालिका आली, तेव्हा दोनशे क्रोनरच्या नोटेवर कॉड माशाचे चित्र आले आणि बिर्कलँडची नोट व्यवहारातून निघून गेली.

एखाद्या देशाने शास्त्रज्ञाला नोटेवर स्थान द्यावे, यात नवल नाही. नवल आहे ते त्या सन्मानामागच्या इतिहासात. ज्या विचारासाठी त्याला हा मान मिळाला, तो विचार त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ अमान्य राहिला. त्याला विरोध करणारेही सामान्य नव्हते; ते त्या क्षेत्रातील थोर गणिती होते. आणि अखेर निकाल लागला तेव्हा दोघांच्याही हाती सत्याचा एकेक अंश होता, असे दिसून आले. ज्या समाजाने अनेकांताचा विचार पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्याने हा वाद समजून घेण्यासारखा आहे.

वादाचा विषय होता ध्रुवीय प्रकाश. उत्तर नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, अलास्का या प्रदेशांत हिवाळ्याच्या रात्री आकाशात हिरव्या प्रकाशाची कमान दिसते. कधी ती तासभर शांत असते. मग मध्यरात्रीच्या सुमारास तिची खालची कड एकाएकी तेजाळते, कमान फुटते, प्रकाशाचे पडदे आकाशभर सळसळू लागतात, त्यांना तांबड्या-जांभळ्या कडा येतात. अर्ध्या तासात हा कल्लोळ ओसरतो, आणि नंतर एक-दोन तास फिकट प्रकाशाचे ठिपके उजळत-मालवत राहतात. या एका संपूर्ण घटनाक्रमाला आज ‘चुंबकीय उपवादळ’ असे म्हणतात.

प्रकाशाच्या खेळाला ‘चुंबकीय’ का म्हणावे? याचे उत्तर १७४१ सालापर्यंत मागे जाते. स्वीडनमधील उप्साला येथे आंद्रेस सेल्सियस आणि त्याचा सहकारी ओलोफ योर्टर होकायंत्राच्या सुईचे बारकाईने निरीक्षण करीत होते. ध्रुवीय प्रकाश उसळला की सुई आपली जागा सोडते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षी ५ एप्रिलला उप्सालातील सुई हलली, तेव्हा दूर लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहॅम यालाही आपली सुई विचलित झालेली दिसली. आकाशातील प्रकाश आणि जमिनीवरील सुई यांचा काही संबंध आहे, हे तेव्हापासून ठाऊक झाले. चुंबकसुई हलवण्याचे सामर्थ्य विद्युत्‌प्रवाहात असते, हे पुढे १८२० मध्ये सिद्ध झाले. म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी वर कुठेतरी प्रचंड विद्युत्‌प्रवाह वाहत असला पाहिजे. तो कुठून येतो आणि कुठे जातो, हा खरा प्रश्न होता.

बिर्कलँडने (१८६७–१९१७) या प्रश्नाला आयुष्य वाहिले. १९०२–०३ च्या हिवाळ्यात त्याने नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गेन आणि नोव्हाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी निरीक्षण केंद्रे उभारली. चारही ठिकाणांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर त्याला एक ठरावीक आकृतिबंध दिसला: काही तास टिकणारे एक छोटे चुंबकीय वादळ, जे ध्रुवीय प्रदेशातच प्रबळ असते आणि पुनःपुन्हा येते. त्याने त्याला ‘मूलभूत ध्रुवीय वादळ’ असे नाव दिले. आजचे उपवादळ ते हेच.

त्याने केलेला तर्क असा. हा प्रवाह बाहेरच्या अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या कडेकडेने खाली उतरतो, ध्रुवीय आकाशात काही अंतर आडवा वाहतो आणि दुसऱ्या बाजूने बलरेषांवरूनच पुन्हा वर निघून जातो. आपले म्हणणे पटवण्यासाठी त्याने निर्वात काचपेटीत एक चुंबकीय गोल टांगला आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. त्या लहानशा ‘पृथ्वी’च्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये उमटली. नोटेवरची काचपेटी ती हीच.

या संशोधनाला पैसा लागत होता आणि तो उभा करण्याची त्याची वाट व्यापारी कुटुंबांना रुचेल अशी आहे. त्याने विद्युत्‌चुंबकीय तोफ बनवून विकण्याचा घाट घातला होता. १९०३ मध्ये तिच्या जाहीर प्रात्यक्षिकात शॉर्टसर्किट झाले, प्रचंड विद्युत्‌ज्वाला उसळली आणि तोफेचा धंदा तिथेच आटोपला. परंतु तशाच विद्युत्‌ज्वालेने हवेतील नायट्रोजन बांधून घेता येतो आणि त्यापासून शेतीचे खत करता येते, ही कल्पना उद्योजक साम आयडे याच्या सहकार्याने फळाला आली. १९०५ मध्ये त्यातून ‘नॉर्स्क हायड्रो’ ही कंपनी उभी राहिली. संहाराच्या यंत्रातून निघालेला धडा अन्नाच्या कामी आला.

बिर्कलँडचे अखेरचे दिवस मात्र एकाकी गेले. इजिप्तमध्ये संशोधन करीत असता पहिले महायुद्ध पेटले. परतीच्या प्रवासात तो जपानला पोहोचला आणि जून १९१७ मध्ये टोकियोतील एका हॉटेलात त्याचे निधन झाले. तेव्हा तो पन्नाशीही गाठलेला नव्हता.

त्याच्यानंतर या क्षेत्रात सर्वाधिक अधिकार प्राप्त झाला तो ब्रिटिश गणिती सिडनी चॅपमन (१८८८–१९७०) यांना. चॅपमन यांचे म्हणणे वेगळे होते. पृथ्वीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीपासून वर हवेचा एक विद्युत्‌वाहक थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. ध्रुवीय प्रवाह या थरातच वाहतो आणि त्याच थरात फिरून आपले वर्तुळ पूर्ण करतो. बाहेरून येणाऱ्या प्रवाहाची गरजच नाही, असे त्यांचे गणित सांगत होते. गणित नेटके होते, आणि जमिनीवरील सर्व नोंदींशी ते जुळत होते.

येथेच पेच होता. बिर्कलँडचे चित्रही त्याच नोंदींशी जुळत होते. दोन परस्परविरोधी सिद्धांत एकाच पुराव्याशी कसे जुळतील? हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे चटकन उमगेल. खात्यातली केवळ अखेरची शिल्लक दाखवली आणि मधल्या नोंदी झाकून ठेवल्या, तर त्या शिल्लकेपर्यंत पोहोचणारे अनेक जमाखर्च रचता येतात आणि प्रत्येकाची बेरीज बरोबरच येते. जमिनीवरील चुंबकमापकाला अशी शिल्लक तेवढी दिसते. अवकाशातून उतरणाऱ्या प्रवाहाचा आणि आयनांबरात फिरणाऱ्या प्रवाहाच्या एका भागाचा परिणाम जमिनीवर एकमेकांस पुसून टाकू शकतो, हे गणिताने सिद्ध करता येते. म्हणून पृथ्वीवर बसून कितीही वर्षे नोंदी घेतल्या, तरी हा वाद मिटणारा नव्हता.

तो मिटला नाही, आणि चॅपमन यांच्या अधिकाराचे पारडे जड राहिले. स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९३९ पासून बिर्कलँडची बाजू लावून धरली, पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. आल्फवेन यांना १९७० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर वाऱ्याची दिशा बदलली होती.

ती बदलण्याची सुरुवात झाली १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात. या महान उपक्रमाचे नेतृत्व चॅपमन यांच्याकडेच होते. उपक्रमाचा एक भाग म्हणून ध्रुवीय प्रदेशात ठिकठिकाणी संपूर्ण आकाश एका चित्रात टिपणारे कॅमेरे बसवले गेले. जपानहून अलास्कात आलेले चॅपमन यांचे शिष्य शुन-इची अकासोफू यांनी ही छायाचित्रे जुळवायला घेतली.

तोवर समज असा होता, की सायंकाळी शांत कमानी, मध्यरात्री खळबळ आणि पहाटे फिकट ठिपके हा ध्रुवीय प्रकाशाचा कायमचा नकाशा आहे. पृथ्वी फिरते आणि निरीक्षक त्या नकाशाच्या एकेका भागाखालून जातो. एका गावातल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक होते. अकासोफू यांनी एकाच क्षणी वेगवेगळ्या देशांत टिपलेली चित्रे शेजारी-शेजारी मांडली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. मध्यरात्रीच्या भागात कमान फुटते, त्याच सुमारास तेथून प्रकाशाची एक लाट पश्चिमेकडे, सायंकाळच्या भागाकडे धावते आणि पूर्वेकडे, पहाटेच्या भागात ठिपके लुकलुकू लागतात. हे सारे एकाच घटनेचे अवयव होते, आणि ती घटना एकाच रात्रीत अनेकदा घडत होती. १९६४ मध्ये त्यांनी हा क्रम शोधनिबंधात मांडला. हत्तीचा पाय, कान आणि सोंड वेगवेगळ्या हातांना लागले होते. सर्वांची साक्ष एकत्र घेतल्यावर हत्ती उभा राहिला.

प्रवाहाचा मुख्य प्रश्न सोडवला तो आयनांबराच्याही वर गेलेल्या एका उपग्रहाने. ‘१९६३-३८सी’ असे रूक्ष नाव असलेला हा अमेरिकी उपग्रह सुमारे अकराशे किलोमीटर उंचीवरून फिरत होता. प्रवाह केवळ आयनांबरातच फिरून येत असता, तर इतक्या उंचीवर चुंबकीय खळबळ जाणवायला नको होती. १९६६ मध्ये आल्फ्रेड झ्मुडा आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले, की ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना उपग्रहाला दर वेळी आडवे चुंबकीय झोके बसतात. आरंभी या झोक्यांचा अर्थ लहरी असा लावण्यात आला. वर्षभरातच कमिंग्ज आणि डेस्लर यांनी दाखवले, की बिर्कलँडने सांगितलेले, बलरेषांवरून चढउतार करणारे प्रवाह ते हेच. पुढील दहा वर्षांत उपग्रहांनी त्यांचे नकाशेही तयार केले. आज त्यांना ‘बिर्कलँड प्रवाह’ असेच म्हणतात. त्यांची एकूण मात्रा दहा लाख अँपिअर किंवा त्याहून अधिक असते. घरातले वातानुकूलन यंत्र सहा-सात अँपिअरवर चालते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

मग चॅपमन यांचे काय? आयनांबरात आडवा प्रवाह वाहतो, हे त्यांचे म्हणणे मिथ्या ठरले नाही. तो प्रवाह आहेच; जमिनीवरची सुई मुख्यतः तोच हलवतो. चूक झाली ती त्याला परिपूर्ण मानण्यात. बिर्कलँडही सर्वार्थाने बरोबर नव्हता. त्याला वाटे, सूर्याकडून इलेक्ट्रॉनांचे झोत थेट पृथ्वीच्या ध्रुवांवर येऊन आदळतात. तसे घडत नाही. मधे एक फार मोठी पेढी आहे, आणि ती कळल्याशिवाय हा व्यवहार पूर्ण समजत नाही.

ती पेढी म्हणजे चुंबकांबर. अंबर म्हणजे वस्त्र आणि आकाशही. दिगंबर-श्वेतांबर हे शब्द जिभेवर असलेल्या वाचकाला हे सांगायला नको. पृथ्वीच्या चुंबकत्वाने अवकाशात विणलेले हे वस्त्र आहे. सूर्याकडून सदैव विद्युत्‌भारित कणांचा वारा वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने आला, तरी पंधरा कोटी किलोमीटर अंतर कापायला त्याला चार दिवस लागतात. चुंबकांबर त्याला अडवते. सूर्याच्या बाजूला हे वस्त्र दाबले जाऊन सुमारे पासष्ट हजार किलोमीटरवर थांबते, तर रात्रीच्या बाजूला त्याचे शेपूट चंद्राच्या कक्षेपलीकडे लांबवर पसरते.

सौरवात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहून आणतो. त्याची दिशा उत्तरेकडे असेल, तर चुंबकांबराचे दार बहुतेक बंद राहते. ती दक्षिणेकडे वळली, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या नेमकी विरुद्ध झाली, की दोन्हींच्या बलरेषा तुटून एकमेकींस जोडल्या जातात. या पुनर्जोडणीची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडली. जोडलेल्या बलरेषा सौरवाताबरोबर मागे ओढल्या जातात आणि शेपटात साठू लागतात. ही जमेची बाजू. साधारण अर्धा ते एक तास ही जमा चालते. शेपूट ताणलेल्या रबरासारखे लांब आणि पातळ होत जाते. तेव्हा आकाशातील कमान शांत असते. फक्त हळूहळू विषुववृत्ताच्या दिशेने सरकत असते.

मग ताण असह्य होतो. शेपटाच्या मध्यभागी परस्परविरुद्ध दिशेच्या बलरेषा एकमेकींच्या अगदी जवळ येतात, पुन्हा तुटतात, पुन्हा जोडल्या जातात आणि रबर सुटावे तशा पृथ्वीकडे झेपावतात. शेपटातून आडवा वाहणारा विद्युत्‌प्रवाह तेथे खंडित होतो आणि दुसरी वाट शोधतो. ही वाट म्हणजे बिर्कलँडच्या बलरेषा. पहाटेच्या बाजूने प्रवाह आयनांबरात उतरतो, तेथून पश्चिमेकडे वाहतो आणि सायंकाळच्या बाजूने वर चढून शेपटात परत जातो. दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक नावेला जमा असते, तसे येथेही आहे: जितका प्रवाह उतरला, तितका चढलाच पाहिजे. बिर्कलँडने पाहिले ते उभे रकाने आणि चॅपमन यांनी पाहिला तो आडवा, खातेवही एकच.

प्रवाह वर चढतो, तेथे ऋणभारित इलेक्ट्रॉन खाली उतरतात, कारण प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनांच्या उलट मानली जाते. वाटेत त्यांना प्रचंड वेग मिळतो आणि ते हवेच्या अणूंवर आदळतात. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवा प्रकाश देतात. दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन तांबडा दिसतो. चेतलेल्या अणूला हिरवा प्रकाश टाकायला सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, पण तांबड्यासाठी सरासरी जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खालच्या दाट हवेत एवढी उसंत मिळत नाही. दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन ती ऊर्जा आधीच निघून जाते. पडद्याच्या खालच्या जांभळ्या-गुलाबी कडा नायट्रोजनच्या असतात.

आयनांबर हा या खेळाचा केवळ पडदा आहे, असे मात्र समजू नये. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तेथील हवेची विद्युत्‌वाहकता वाढते, म्हणून अधिक प्रवाह वाहू शकतो. तापलेल्या आयनांबरातून ऑक्सिजनचे आयन वर उसळून चुंबकांबरात जाऊन मिसळतात आणि पुढील घटनांवर प्रभाव पाडतात. वरून खाली देणे आहे, तसे खालून वर परतफेडही आहे.

या व्यवहाराची उलाढाल किती? अमेरिकेच्या ‘नासा’ने फेब्रुवारी २००७ मध्ये ‘थेमिस’ या मोहिमेत पाच उपग्रह एकदम सोडले. महिनाभरातच, २३ मार्च २००७ रोजी त्यांनी दोन तासांचे एक उपवादळ टिपले. त्यात मोकळी झालेली ऊर्जा विजेच्या हिशेबात मांडली, तर ती सुमारे चौदा कोटी युनिट भरते.

थेमिसचे मुख्य काम दुसरेच होते. शेपटात आधी काय घडते, याविषयी शास्त्रज्ञांत नवा वाद उभा राहिला होता. एका पक्षाचे म्हणणे, दूरवर बलरेषांची पुनर्जोडणी आधी होते आणि तिच्या धक्क्याने पृथ्वीजवळचा प्रवाह खंडित होतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, पृथ्वीजवळचा प्रवाह आधी खंडित होतो आणि मग ती खळबळ दूर पसरते. दोन्ही घटनांत अंतर अवघे एक-दोन मिनिटांचे. एकाच उपग्रहाला हा क्रम लावता येणे शक्य नव्हते. म्हणून पाच उपग्रह एका रांगेत येतील अशी योजना केली आणि खाली अलास्का व कॅनडात कॅमेरे व चुंबकमापके बसवली. २६ फेब्रुवारी २००८ रोजी योग जुळून आला. चंद्राच्या अंतराच्या सुमारे एक-तृतीयांशावर पुनर्जोडणी आधी झाली आणि त्यानंतर दीड मिनिटाने आकाश तेजाळले. त्या दिवशीची साक्ष पहिल्या पक्षाची होती. तथापि प्रत्येक उपवादळ याच क्रमाने घडते का, यावर चर्चा आजही थांबलेली नाही.

ध्रुवावरच्या या उलथापालथीशी व्यापारी माणसाला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. १३ मार्च १९८९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजजाळे सुमारे दीड मिनिटात कोसळले. साठ लाख लोक जवळजवळ नऊ तास कडाक्याच्या थंडीत विजेविना राहिले. त्या वेळी मोठे चुंबकीय वादळ सुरू होते आणि त्यातल्या एका तीव्र उपवादळाने हा घाव घातला. आयनांबरातला प्रवाह एकाएकी बदलला की जमिनीतही विद्युत्‌दाब निर्माण होतो. क्वेबेकखालचा कठीण खडक प्रवाह सहजी वाहू देत नाही; म्हणून तो विजेच्या लांबलचक तारांत शिरला आणि संरक्षक यंत्रणा एकामागून एक बंद पडल्या. ५ एप्रिल २०१० रोजी तर एका उपवादळानंतर ‘गॅलेक्सी १५’ हा दळणवळण उपग्रह पृथ्वीवरून दिलेले आदेशच मानेनासा झाला आणि कित्येक महिने कक्षेत भरकटत राहिला. आज सराफी पेढीपासून किराणा दुकानापर्यंत सर्व उलाढाल वीज आणि दळणवळण यांवर उभी आहे. तिचा एक धागा सूर्याच्या वाऱ्याशीही बांधलेला आहे, याचे भान असावे.

वादळ आणि उपवादळ यांत फरक आहे. वादळ काही दिवस चालते आणि सबंध पृथ्वीवर जाणवते. उपवादळ दोन-तीन तासांचे असते आणि त्याचा मुख्य रंगमंच ध्रुवीय प्रदेश असतो. मोठ्या वादळाच्या पोटात अशी अनेक उपवादळे येऊन जातात. वादळाची सर्वांत नामांकित नोंद महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी झालेल्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय क्षेत्र सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी घसरले. तेथील कर्मचाऱ्यांनी हाताने लिहून ठेवलेले ते आकडे आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. कुलाब्याच्या १८४६ पासूनच्या नोंदींचे संकलन आणि विश्लेषण नानाभाई मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून हे काम १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले. तेथे ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली आजही चालू आहे.

अलिबागच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. परंतु दूर उत्तरेत रात्री कमान फुटते, तेव्हा अलिबागच्या मापकांतही सुमारे मिनिटभराच्या लयीची बारीक थरथर उमटते. उपवादळ नेमके केव्हा सुरू झाले, हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ ही थरथर वापरतात. अंटार्क्टिकातील मैत्री या भारतीय केंद्रावर याच संस्थेची उपकरणे उपवादळांची नोंद अधिक जवळून घेतात. मे २०२४ च्या मोठ्या वादळात तर लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबूस प्रकाश टिपला. उंचावरचा तांबडा थर तेवढा इतक्या दुरून दिसू शकला. खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या वक्रतेआड राहिला.

जैन तत्त्वज्ञानात वस्तूकडे पाहण्याच्या प्रत्येक दृष्टीला नय म्हटले आहे. आपला नय मांडावा आणि इतरांना जागा ठेवावी, हे योग्य. आपला तेवढा खरा म्हणून इतरांचे खंडन करणारा तो दुर्नय. मराठीत हा भेद दोन अक्षरांत सामावतो: ‘हेच’ आणि ‘हेही’. आयनांबरात प्रवाह आहे, हे चॅपमन यांचे सत्य होते. तेथेच आहे, या ‘च’ने अर्धे शतक घेतले. परंतु अनेकांत म्हणजे सर्वांना सारखेच बरोबर म्हणून मोकळे होणेही नव्हे. चार केंद्रांच्या नोंदी, आकाशाची शेकडो छायाचित्रे, अकराशे किलोमीटरवरचा उपग्रह आणि एका रांगेत आणलेले पाच उपग्रह, इतके कष्ट घेतल्यावर कोणाचा अंश कुठे बसतो हे ठरले. बिर्कलँडच्या मताला ‘स्यात्’ म्हणून जागा ठेवली असती, तर ती तपासणी कदाचित लवकर झाली असती. घरात, पेढीवर किंवा संघाच्या सभेत एखाद्याचे म्हणणे आपल्या हिशेबात बसत नाही, तेव्हा आपल्यासमोर फक्त शिल्लक आहे की सर्व नोंदी आहेत, एवढे आधी पाहून घ्यावे.